दहावीच्या बॅचचं आठवणींचं पुस्तक छापून घेतलं ती सोलापूरच्या कन्ना चौकाजवळची प्रेस

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगते की आमच्या वर्गातल्या ७२ जणांपैकी एकही जण या पुस्तकातनं सुटला नाही, आणि ते आम्हा कमिटीवाल्यांमुळं नाही झालं, प्रेसमधल्या अक्कांमुळं झालं.

आम्ही २०२५ ची दहावीची बॅच. पेपर २१ फेब्रुवारीला सुरू झाले, १७ मार्चला संपले. निरोप समारंभ पेपरच्या आधीच झाला होता, भाषणं झाली, रडून झालं, सरांनी प्रत्येकाला एक पेन दिला, आणि घरी आल्यावर वाटलं की पाचवीपासून सहा वर्षं एका वर्गात काढली आणि हातात काय तर पेन. मग आम्ही पाच जणींनी आणि तिघा मुलांनी ठरवलं की एक पुस्तक काढायचं, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाच्या चार ओळी, पाचवी ते दहावी वर्षावार, आणि मार्कशीट घ्यायला सगळे शाळेत येतील त्या दिवशी वाटायचं, कारण त्यानंतर सगळे एकत्र येतील याची काय खात्री, कोण आयटीआयला जाणार कोण पुण्याला जाणार कोण कारखान्यावर.

ही प्रेस आम्हाला दुसऱ्या फेरीत सापडली. आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही, तिथं रेट कमी होता, १९० रुपये एका पुस्तकाला, पण किमान १०० कॉप्या घ्याव्या लागणार होत्या आणि आम्हाला पाहिजे होत्या ८०. ते पण चाललं असतं, पण त्यांनी नमुन्याची चार पानं दिली ती वाचून आम्ही सगळे गप्पच बसलो. 'वर्ग' चं 'वगर्' झालेलं, 'प्रार्थना' चं 'प्राथर्ना', 'मित्र' चं 'मत्रि'. आम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून दिलेलं आणि त्यांनी ते जुन्या फॉन्टमध्ये ओढलं, त्यात रफार आणि वेलांट्या सगळ्या जागा सोडून पळाल्या. म्हटलं हे दुरुस्त कोण करणार, तर म्हणाले तुम्हीच करून द्या. ६४ पानं. आम्ही उठून आलो.

कन्ना चौकातनं आत, बोळात, पहिल्या मजल्यावर ही प्रेस आहे. जिना अरुंद आहे, वयस्कर माणसाला घेऊन जाऊ नका. खाली कटिंगचं मशिन, वर दोन कॉम्प्युटर आणि डिजिटल मशिन. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, कॉम्प्युटरवर बसतात त्यांना अक्का. पूर्व भागातली प्रेस आहे त्यामुळं लग्नपत्रिकांचं काम जास्त, मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्हीच्या पत्रिका भिंतीला लावलेल्या दिसतील. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी फक्त तेलुगू वाचते, तिला तिच्या चार ओळींखाली आजीसाठी एक ओळ तेलुगूत पाहिजे होती आणि ती विचारायला लाजत होती, बाहेर जिन्यातच उभी राहिली होती. अक्कांनी तिला आत बोलवून शेजारी बसवलं, तेलुगूतच बोलल्या, आणि पाच मिनिटांत ओळ टाइप करून दाखवली. एक पैसा जास्त लावला नाही.

आता कामाचं सांगते, कारण दरवर्षी कुठली ना कुठली बॅच हे करायला जाते आणि आमच्यासारखीच गोत्यात येते.

पहिली गोष्ट फोटो. आम्ही चारशे फोटो गोळा केले होते, सगळे व्हॉट्सॲप ग्रुपवरचे. अक्कांनी एक उघडला, मोठा करून दाखवला, नाकाच्या जागी नुस्ते चौकोन. व्हॉट्सॲपवरनं साधा पाठवला की फोटो दाबला जातो, तीन-चार एमबीचा दीडशे-दोनशे केबीवर येतो, मोबाइलवर कळत नाही, छापल्यावर कळतं. छपाईला एका इंचात ३०० ठिपके पाहिजेत असं त्यांनी कागदावर इंच आखून समजावलं. मग ज्यांनी ज्यांनी मूळ फोटो काढले होते त्यांच्या घरी जाऊन, काहींचे मोबाइल विकले गेलेले, काहींचे फुटलेले, जेवढे मिळाले तेवढे डॉक्युमेंट करून मागवले. चारशेचे एकशे तीस उरले. तुम्ही जर आत्ता आठवी-नववीत असाल तर फोटो आत्ताच कुठंतरी मूळ साइजमध्ये ठेवून द्या.

दुसरी गोष्ट, रात्रीचे फोटो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतला आमचा होम मैदानावरचा फोटो, मागं आकाशपाळणा, नववीतला, आमचा सगळ्यात लाडका. मोबाइलवर झकास दिसतो. कागदावर नुस्ता काळा, त्यात चार दात. अण्णा म्हणाले मोबाइलला मागनं उजेड असतो, कागदाला कुठनं असणार, म्हणून अंधाराचा फोटो छापायच्या आधी उजळून घ्यावा लागतो. अक्कांनी तो फोटो तीन वेळा काढून बघितला तेव्हा कुठं चेहरे आले.

तिसरी, ग्रुप फोटो. आम्हाला तो मधल्या दोन पानांवर पसरून पाहिजे होता. अण्णांनी हातातलं एक पुस्तक उघडून मध्ये बोट ठेवलं, म्हणाले, "इथं बसलेली पोरं बाइंडिंगमध्ये जातील बघा, मधल्या चार-पाच जणांचं अर्धं तोंड दिसेल. कुणाची घालवायची तेवढं सांगा." आम्ही गप्प. मग त्यांनीच घडीचं पान सुचवलं, म्हणजे पान बाहेर उलगडतं आणि फोटो सलग दिसतो. त्याचे पुस्तकामागं सहा रुपये वाढले. २४० चे २४६ झाले. ते सहा रुपये अजिबात वाया गेले नाहीत. मूळ फाइल मात्र ज्या स्टुडिओनं फोटो काढला त्यांच्याकडनं पेनड्राइव्हवर आणावी लागली, ते आधी द्यायला तयार नव्हते, वर्गशिक्षक बाई स्वतः गेल्या तेव्हा दिली.

आता खरं ज्यासाठी हे एवढं लिहायला बसले ते.

आम्ही पहिलं प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायची प्रत, बघायला गेलो तेव्हा अक्कांनी आमच्याकडं वर्गाचा हजेरीपट मागितला. आम्हाला वाटलं नावांचं स्पेलिंग बघायला असेल. त्यांनी एका कोऱ्या कागदावर १ ते ७२ नंबर लिहिले आणि सगळी ६४ पानं पुढं ठेवून म्हणाल्या, प्रत्येक फोटोत कोण कोण आहे सांगा, आणि ज्याचं नाव येईल त्याच्या नंबरापुढं एक काडी मारत गेल्या. तासभर लागला. झाल्यावर कागद आमच्या पुढ्यात सरकवला. माझ्या नंबरापुढं २३ काड्या. कमिटीतल्या आठही जणांच्या पंधराच्या वर. आणि अकरा नंबर असे की ज्यांच्यापुढं ग्रुप फोटोची एकच काडी, आणि हजेरी नंबर ४१, त्याच्यापुढं काहीच नाही. चार ओळी पण नाहीत, कारण आम्ही ओळी ग्रुपवर मागवल्या होत्या आणि तो ग्रुपवर नव्हता.

अक्का फक्त एवढंच म्हणाल्या, "ह्यो पोरगा कुठाय?"

मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून जात नाही. सहा वर्षं तो आमच्या वर्गात, शेवटच्या बाकावर खिडकीकडं, आणि आम्ही सगळ्या वर्गाचं पुस्तक म्हणून मिरवत होतो ते आठ जणांचं पुस्तक होतं.

अण्णांनी काम आठ दिवस थांबवलं. लग्नसराई होती, त्यांचं मशिन दुसऱ्या कामाला लागलं असतं तर आमचा नंबर मागं गेला असता, तरी म्हणाले जावा, घेऊन या सगळ्यांचे, मी ठेवतो जागा. एप्रिलचं ऊन, सोलापूरचं, दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं, आम्ही दोन स्कूटीवर सकाळी सात ते दहा फिरायचो. त्या अकरा जणांच्या घरी गेलो. बहुतेकांच्या घरी मी पहिल्यांदाच गेले, सहा वर्षांत पहिल्यांदा. एकीच्या घरी आई विड्या वळत होती आणि ही शेजारी बसून पानं कापत होती, तिनं सांगितलं की गॅदरिंगला ती दरवर्षी यायची पण मागं उभी राहून बघून जायची, कारण नाचात घ्यायचं तर ड्रेसचं भाडं भरायला लागायचं. आम्हाला हे माहीतच नव्हतं. तिची चार ओळींची जागा आम्ही एक पान केली.

४१ नंबर दुपारनंतर वडिलांबरोबर यंत्रमागावर जायचा, आठवीपासून. म्हणून नळदुर्गच्या सहलीत नाही, म्हणून गॅदरिंगमध्ये नाही, ग्रुप फोटो शाळा सुटल्यावर काढला होता म्हणून त्यात पण नाही. आमच्यातला एकजण म्हणाला, मागावर काम करतानाचा फोटो काढू, भारी येईल. तो नको म्हणाला. म्हणाला, "शाळेतला काढ की बे. माग तर जन्मभर हायच." मग शाळा उघडून द्यायला शिपाई मामांना सांगितलं. त्याचा युनिफॉर्म धाकट्या भावाला गेलेला, भावाकडनं मागून घातला, बाह्या आखूड झाल्या होत्या. शेवटच्या बाकावर, खिडकीकडच्या, बसून फोटो काढला, सकाळचं ऊन खिडकीतनं बाकावर आलेलं. पुस्तकातला सगळ्यात चांगला फोटो तो आहे, हे मी एकटी नाही म्हणत, बाईपण म्हणाल्या.

प्रेसमध्ये फाइल दिली तेव्हा अण्णा म्हणाले पाहिजे तर याला ग्रुप फोटोत बसवून देतो, मागच्या रांगेत, कळणार पण नाही. अक्का म्हणाल्या आधी त्याला विचारा. आम्ही तिथनंच फोन लावला. तो म्हणाला, नको, त्या दिवशी मी नव्हतो ना. मग ग्रुप फोटो तसाच ठेवला आणि घडीचं पान उलगडलं की शेजारच्या पानावर एकटा त्याचा फोटो येतो असं अक्कांनी लावलं.

सहावीचं पान पण त्यांच्यामुळंच झालं. आम्ही पाचवीत असताना मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, वार्षिक परीक्षाच झाली नाही, आणि सहावी अख्खी घरात गेली. त्या वर्षाचा एकही फोटो कुणाकडं नाही. आम्ही सहावी गाळूनच टाकली होती, पाचवीनंतर थेट सातवी. अक्का म्हणाल्या वर्ष असं गाळू नका, त्या वर्षी कोण कुठनं शिकत होतं तेवढं तरी लिहा. मग हजेरीप्रमाणं ७२ नावं आणि प्रत्येकापुढं एक ओळ. वडिलांचा फोन, ते कामावरनं आल्यावर. शेजारच्या काकूंचा फोन. तीन भावंडांत एक. सह्याद्री वाहिनीवर बघायचो. गावी होतो, रेंज नव्हती. फोन नव्हता. फोन नव्हता. फोन नव्हता. बाईंनी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीतनं बाहेर बघत बसल्या.

अण्णांच्या वाचनाबद्दल पण सांगायला पाहिजे. प्रेसवाले मजकूर वाचत नाहीत असं आपण समजतो. आमच्या एका पानावर हुतात्मा दिनाच्या प्रभातफेरीचा फोटो होता, खाली आम्ही लिहिलेलं की सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३० साली फाशी झाली. अण्णांनी पेन्सिलनं गोल केला. मार्शल लॉ १९३० चा, फाशी १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्यात, आणि चौघांची नावं न अडखळता म्हणून दाखवली, मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आम्ही दरवर्षी त्या दिवशी पुतळ्यापाशी घोषणा देत होतो आणि साल चुकीचं छापणार होतो. चौघांची नावं पण मग आम्ही त्या पानावर घातली.

पैशाचं पण मोकळं सांगते. २४६ गुणिले ८० म्हणजे १९,६८०. प्रत्येकी २५० ठरवले होते, पण ६३ जणांनीच दिले, नऊ जणांना जमणार नव्हतं आणि आम्ही त्यांना विचारायचं सोडून दिलं, ती नावं कमिटीबाहेर कुणाला माहीत नाहीत, प्रेसला पण नाही. ६३ जणांचे १५,७५० झाले. शिक्षकांनी मिळून २,००० दिले. मग सगळ्यांच्या घरातले गाइड, वर्कबुकं, सराव पेपर गोळा केले, १२० किलो रद्दी निघाली, १४ चा भाव मिळाला, १,६८०. तरी २५० कमी पडत होते. अण्णांनी हिशोबाचा कागद बघितला, म्हणाले, "तेवढे ऱ्हाऊ द्या, एका पोराचं माझ्याकडनं."

आता अर्धा स्टार का कापला. एक, ठरलेल्या तारखेला पुस्तकं मिळाली नाहीत, चार दिवस उशीर झाला. लाइट जात होती हे खरं आहे, पण फोन करून सांगायला पाहिजे होतं, आम्हीच रोज जिना चढून विचारत होतो. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत. दोन, ८० पैकी ११ पुस्तकांत रंग पिवळट आला, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं. अण्णा आधी म्हणाले चालतंय की, कुणाला कळणार नाही. आम्ही चांगलं आणि पिवळं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा त्यांनी मानलं आणि ती अकरा पुस्तकं परत छापून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत, पण त्यात आणखी एक दिवस गेला. म्हणून सांगते, घेताना एकेक पुस्तक उघडून बघा, गठ्ठा बांधलेला तसा उचलू नका. तीन, रंगीत प्रूफ एकच मोफत, दुसऱ्याला १५० रुपये. ते आधी सांगितलं नव्हतं.

कागद १३० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर, कव्हर ३०० चं, मॅट लॅमिनेशन. कव्हरला बॉर्डर सोलापुरी चादरीची आहे, ती नेटवरनं घेतलेली नाही, वर्गातल्या एकाच्या घरची जुनी चादर उन्हात वाळत टाकून तिचा फोटो काढला, धागे दिसतात बोट फिरवावंसं वाटतं. बाइंडिंग गोंदाचं आहे, पिनेचं नाही, ६४ पानांना आणि घडीच्या पानाला पिन चालली नसती. अण्णांनी बजावलं होतं की उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पुस्तकं ठेवू नका, गोंद मऊ पडतो. एकानं ऐकलं नाही, मे महिन्यात अर्धा दिवस डिकीत राहिलं, त्याची पानं सुटायला लागली. ते प्रेसनं परत चिकटवून दिलं.

निकाल १३ मे ला ऑनलाइन लागला तेव्हा पुस्तकं आली नव्हती, पण मार्कशीट वाटायच्या दिवशी ८० च्या ८० पुस्तकं बाईंच्या टेबलावर होती. ७२ वर्गाची, बाकीची शिक्षकांना, ग्रंथालयाला, आणि एक शिपाई मामांना. मार्कशीट कुणी बघतच नव्हतं. सगळे आधी स्वतःचं पान शोधत होते आणि मग घडीचं पान उलगडत होते. ४१ नंबर उशिरा आला, कामावरनं सुट्टी घेऊन. पुस्तक घेतलं, व्हरांड्यात जाऊन एकटाच बघत उभा राहिला, आणि मग परत आत येऊन मला म्हणाला की अजून एक मिळेल का, आईला तिच्या जवळ ठेवायला पाहिजे. जास्तीचं नव्हतं. मी अक्कांना फोन केला. त्यांनी रंग चुकलेल्या पुस्तकांतलं एक चांगलं बघून, तेवढी पिवळी पानं काढून, नवी घालून, संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी पोचवलं, घर जवळच आहे म्हणाल्या.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा अक्का मोकळ्या असतात. लग्नसराईत गेलात तर महिनाभर आधी सांगून ठेवा. गूगल पे चालतं. आमच्या पुढच्या बॅचमधल्या दोघी परवा घरी विचारायला आल्या होत्या, रेट काय, कागद कुठला, डिझाइन कोण करतं. त्यांना म्हटलं ते सगळं अण्णा सांगतील, तुम्ही जाताना हजेरीपट तेवढा घेऊन जा.